नव्या चाकांची थरथर

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें मागें टाकून उत्तनच्या बाजूस जावयास लागलें म्हणजे डोंगरीच्या शेजारीं तारोडी नांवाचें एक लहानसें गांव आहे. २००२ मध्यें स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत तें मोडतें. परंतु गांवाची चर्या अद्यापि पुरती शहरी झालेली नाहीं. डोंगर जवळ, खाडी व मिठागरें जवळ, आणि थोड्या अंतरावर उत्तनचा समुद्र. वाऱ्याबरोबर येणारा सुक्या बोंबलांचा वास आणि त्याच वाऱ्यांतून येणारें मीठ ह्या दोन गोष्टी येथील प्रत्येक घराच्या व प्रत्येक लोखंडी वस्तूच्या परिचयाच्या आहेत. रस्ता अरुंद व वळणावळणाचा. त्यावर बसगाड्या, रिक्षा, मासळीचे टेंपो. अशा रस्त्यावर मोटारीला ताशीं चाळीस-पन्नास किलोमीटरांपलीकडे जाण्याची संधीच मिळत नाहीं. म्हणून येथील मोटारमालकानें नवे टायर घेतले, तर त्यांचा गुण किंवा दोष त्याला दारांत कळत नाहीं. तो कळतो काशीमिऱ्याच्या नाक्यावरून हमरस्त्याला लागल्यानंतर.

अशा एका गृहस्थाची उदाहरणादाखल कल्पना करावी. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी अंधेरीस, गाडी सहा वर्षांची. मुलगी छत्रपती संभाजीनगरास दिलेली. तिला सातवा महिना लागला असून पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आणावयाचें आहे. रस्ता समृद्धी महामार्गाचा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं व इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाल्यापासून ठाण्याच्या बाजूच्या लोकांना हा प्रवास सोपा झाला आहे. मात्र मोटारींना ताशीं १२० किलोमीटरांची मुभा असलेल्या त्या सरळ, काँक्रीटच्या रस्त्यावर टायरची जी कसोटी लागते, ती गांवच्या रस्त्यावर कधींच लागत नाहीं. झिजलेले टायर बदलणें भागच होतें. धाकट्या मुलाच्या आग्रहावरून गृहस्थानें साधे टायर न घेतां परफॉर्मन्स टायर, म्हणजे वेगवान गाड्यांसाठीं बनविलेले रुंद व ठेंगणे टायर घेतले, आणि त्यांना शोभतील अशा मोठ्या अलॉय रिमा. दोन पगारांइतके पैसे खर्चीं पडले. पहिल्याच रविवारीं आईला वसईस बहिणीकडे नेण्यासाठीं गाडी काढली. काशीमिरा सोडून वेग ऐंशीवर गेला आणि स्टिअरिंग हातांत थरथरूं लागलें. नव्वदावर थरथर वाढली. शंभरापाशीं ती किंचित् कमी झाल्यासारखी वाटली. मागें बसलेल्या आईनें विचारलें, "अरे, नवीं चाकें घातलींस ना? मग ही अशी कांपते कां?"

त्यानंतरचे आठ दिवस अशा मालकाचे कसे जातात हें मोटार बाळगणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असेल. ज्या दुकानांत टायर बसविले तेथें चाकें पुन्हां बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढविलीं. यंत्रानें दोन्ही बाजूंस शून्य दाखविलें. दुकानदार म्हणाला, "साहेब, आपलें काम बरोबर आहे, रस्ता खराब असेल." दुसऱ्या दुकानांत अलाइनमेंट करून घेण्याचा सल्ला मिळाला, तें केलें, पैसे दिले, थरथर तशीच. तिसऱ्यानें टायरच सदोष ठरवून आपल्याकडील अधिक महाग टायर पुढें केले. अलाइनमेंटबद्दल येथेंच सांगून टाकणें बरें. चाकें एकमेकांशीं व गाडीच्या दिशेशीं कोणत्या कोनांत उभीं आहेत, एवढाच त्याचा विषय. तो कोन बिघडला तर गाडी एका बाजूस ओढते, टायर एका कडेनें झिजतात. पण केवळ त्या कारणानें नव्या टायरवर ठराविक वेगास थरथर सुटत नाहीं. थरथरीवर अलाइनमेंटचा उपाय म्हणजे पोटदुखीवर चष्मा.

दोष कोठें आहे हें शोधण्यापूर्वीं तो केवढा असूं शकतो याचा हिशेब करावा, कारण तो ऐकून प्रथम कोणाचाहि विश्वास बसत नाहीं. २२५/४५ आर १७ या मापाचा टायर घ्यावा. त्यांतील २२५ ही मिलिमीटरांतील रुंदी. ४५ म्हणजे बगलेची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ४५. आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. अशा चाकाचा घेर जवळजवळ दोन मीटर भरतो. गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगानें चालली असतां तें सेकंदास सुमारें १४ फेरे घेतें. रिमच्या कडेस एके ठिकाणीं ३० ग्रॅम वजन अधिक असलें, म्हणजे दोन-तीन चमचे ओल्या मातीइतकें, तर या वेगावर तें चाकाला सुमारें पांच किलोंच्या भाराइतक्या जोरानें बाहेर ओढतें. आणि ही ओढ एकाच दिशेस न राहतां सेकंदांत चौदा वेळां वर, पुढें, खालीं, मागें अशी फिरत राहते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ५० किलोमीटरांवर तो सव्वा किलोच असतो; १२० वर सात किलोंपर्यंत जातो. मग शंभराच्या पुढें थरथर कमी कां व्हावी? त्याचें कारण झोपाळ्यांत सांपडतें. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयींत दिलेले हलके झोकेहि त्याला उंच नेतात. लय चुकवून दिलेले जोराचे झोके वायां जातात. गाडीच्या सस्पेन्शनला व स्टिअरिंगला अशीच एक लय असते. चाकाचे फेरे तिच्याशीं जुळले कीं थरथर शिगेस पोंचते, आणि वेग त्यापुढें गेला कीं ती मंदावते. दोष मात्र मंदावलेला नसतो. तो आंतल्या आंत बेअरिंगांना, बुशांना व टायरच्या नक्षीला खात असतो.

जुन्या गाड्यांत हा प्रकार इतका जाणवत नसे. रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें १८४५ मध्यें हवेच्या टायरचा हक्क नोंदविला, आणि १८८८ मध्यें बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच कल्पना नव्यानें साकार केली. दोघांचाहि हेतु धक्का गिळणारी हवेची गादी चाकाखालीं घालावी एवढाच होता. ही गादी पुढें कित्येक वर्षें उंचच राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेल्या पद्मिनी गाड्या मुंबईच्या टॅक्सीच्या रांगेंतून ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमच्या गेल्या. त्यांचे ते उंच, अरुंद टायर ज्यांना आठवत असतील त्यांना हें सहज पटेल. त्या गादींत पुष्कळ दोष झांकले जात. वर सांगितलेल्या टायरची बगल दहा सेंटिमीटरांच्या आसपासच असते, आणि ती मुद्दाम ताठ बनविलेली असते. टायरच्या अंगावरील मापापुढें जें अक्षर असतें तें वेगाची मर्यादा सांगतें. डब्ल्यू म्हणजे ताशीं २७० किलोमीटर, वाय म्हणजे ३००. एवढ्या वेगास उतरण्यासाठीं टायर ताठ असावाच लागतो, आणि जो ताठ असतो तो धक्का गिळत नाहीं. तो मालकाच्या हातांत आणून देतो. तेव्हां पुष्कळदां असें घडतें कीं, थरथर गाडींत आधींपासूनच असते आणि नवे टायर तिची फक्त वर्दी देतात. (बारा महिने खड्डे असलेल्या प्रदेशांत अशा टायरची आवश्यकता कितपत आहे, हा प्रश्न निराळा, पण तो घेण्यापूर्वीं विचारावयाचा असतो, घेतल्यावर नव्हे.)

आपल्या गृहस्थास शेवटीं भाईंदर पश्चिमेच्या एका लहान गॅरेजांत एक वृद्ध मिस्तरी भेटला असें समजावें. त्यानें हातांत पाना घेण्याऐवजीं प्रश्न विचारले. "साहेब, थरथर हाताला लागते कीं बसायला?" हाच पहिला प्रश्न, आणि तो फार महत्त्वाचा. स्टिअरिंग कांपत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत. आसन व गाडीचा तळ कांपत असेल तर बहुधा मागच्या. दुसरा प्रश्न वेगाचा. वीस-तीसाच्या वेगावरच गाडी लंगडल्यासारखी डुलत असेल, तर वजनाच्या तोलाचा प्रश्न नव्हे. रिम वांकली असेल, टायर गोल नसेल, किंवा त्याच्या बगलेंत फुगा आला असेल. ऐंशी ते एकशेंदहाच्या पट्ट्यांत थरथर येत असेल तर तोलाकडे किंवा चाकाच्या बसवणीकडे पहावें. तिसरा प्रश्न असा कीं, ती केव्हां येते? ब्रेक दाबतांनाच येत असेल तर ब्रेकची डिस्क पहावी. जोर देतांनाच येत असेल तर चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे. सकाळीं निघतांना येते व दहा-पंधरा किलोमीटरांत नाहींशी होते, असें असेल तर कांहींच करूं नये. रात्रभर किंवा गोदामांत कित्येक आठवडे एकाच बाजूवर भार राहिल्यानें टायर तेवढ्या जागीं चपटा होतो. नायलॉनचे पट्टे गुंडाळलेल्या वेगवान टायरांत हा गुण अधिक. उष्णता आली कीं तो पुन्हां गोल होतो.

गृहस्थाचीं उत्तरें सरळ होतीं. थरथर हातास लागते, ऐंशीच्या पुढें लागते, ब्रेक दाबो न दाबो लागते, आणि तासभर चालवूनहि जात नाहीं. मिस्तरीनें चाकांतील हवा पाहिली. ती चाळीस पौंड निघाली. टायरची कड रिमवर नीट चढावी म्हणून बसवितांना हवा अधिक भरतात आणि पुष्कळदां ती तशीच राहते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कारखान्यानें लावलेल्या पट्टींत जो आंकडा असतो तो खरा. टायरच्या बगलेवर छापलेला आंकडा कमाल मर्यादेचा. हवा उतरवून ठीक केली. त्यामुळें चाल मऊ झाली, थरथर गेली नाहीं. तशी अपेक्षाहि नव्हती.

मग त्यानें पुढचें डावें चाक उतरविलें, शेजारच्या दुकानांतील यंत्रावर चढविलें व फिरविलें. यंत्रानें शून्य दाखविलें. तेथील मुलगा हंसला. मिस्तरीनें त्याला चाकाचा नट सैल करून, चाक यंत्राच्या दांड्यावर अर्धा फेरा फिरवून, पुन्हां आवळून पाहण्यास सांगितलें. या वेळीं यंत्रानें २५ ग्रॅम दाखविले. चाक तेंच, वजनें तींच, आणि क्षणापूर्वींचें शून्य नाहींसें झालें! याचा अर्थ असा कीं, चाक यंत्रावर मध्यावर बसलेंच नव्हतें. रिमच्या मधल्या छिद्रास न जुळणारा शंकु वापरला होता, आणि यंत्रानें आपल्या दांड्यावर तिरकें बसलेल्या चाकाचा तोल मोठ्या इमानानें साधून दिला होता. ही अर्ध्या फेऱ्याची परीक्षा कोणीहि ग्राहक उभा राहून करवून घेऊं शकतो. तिला दोन मिनिटें लागतात व पैसा लागत नाहीं. योग्य शंकु लावून तोल पुन्हां केला, तेव्हां दोन्ही वेळां शून्य आलें.

परंतु खरी गोष्ट पुढेंच होती. यंत्र जें सांगतें तें यंत्रावर बसलेल्या चाकाविषयीं सांगतें. गाडीवर चाक कसें बसलें आहे याची त्याला वार्ताहि नसते. गाडीच्या हबवर मध्यभागीं एक गोल उंचवटा असतो व मूळ रिमचें छिद्र त्यावर घट्ट बसतें. बाजारांत मिळणाऱ्या अलॉय रिमा अनेक गाड्यांना चालाव्या म्हणून त्यांचें छिद्र मोठें ठेवलेलें असतें. हब ५७.१ मिलिमीटरांचा आणि रिमचें छिद्र ७३.१ मिलिमीटरांचें, हें नेहमींचें उदाहरण. मधली पोकळी भरण्यासाठीं प्लॅस्टिकचें किंवा अॅल्युमिनियमचें कडें घालावें लागतें. तें नसलें तर चाक केवळ नटांच्या आधारानें मध्यावर येण्याची धडपड करतें, आणि बहुधा थोडेंसें चुकतें. थोडेंसें म्हणजे किती? रिम व टायर मिळून वीस किलोंचें चाक मध्यापासून एका मिलिमीटराच्या तिसऱ्या भागाइतकें जरी सरकलें, तरी रिमच्या कडेस सुमारें ३० ग्रॅम वजन चिकटविल्यासारखा परिणाम होतो. ज्या ३० ग्रॅमांचा हिशेब वर केला, तेच हे ३० ग्रॅम. फरक इतकाच कीं, ते कोणत्याहि बॅलन्सिंगच्या यंत्रावर दिसत नाहींत. तीनदां शून्य येऊन चौथ्यांदा थरथर कायम, ह्या कोड्याचें उत्तर पुष्कळदां येथें असतें.

पुढच्या डाव्या चाकांत कडें नव्हतें. इतर तिघांत होतें. हें एक बसवितांना फुटलें असावें व कोणीतरी तसेंच पुढें रेटलें असावें. शिवाय हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे होते. समुद्राकांठच्या गांवांत सहा वर्षें उभ्या राहिलेल्या गाडीच्या हबवर गंज नसता तरच नवल. रिम ज्या सपाट तोंडावर टेकते तेथें गंजाचा एक पापुद्रा राहिला कीं चाक तिरकें बसतें व फिरतांना डावीकडे-उजवीकडे झुलतें. मिस्तरीनें तारेच्या ब्रशानें चारहि हब उजळ होईपर्यंत घासले व नवें कडें मागविलें. एवढ्या क्षुल्लक वस्तूसाठीं दुसरा दिवस उजाडावा लागला.

नट आवळण्याविषयीं त्यानें विशेष आग्रह धरला. हवेच्या बंदुकीनें एकामागून एक नट ठोकून घेण्याची पद्धत जलद खरी, पण तिनें चाक एका बाजूस दाबलें जातें व तसेंच अडकतें. चाक अधांतरीं असतांना नट प्रथम हातानें, मग हलकेच, एक सोडून समोरचा अशा क्रमानें बसवावे. चाक जमिनीस टेकल्यावर टॉर्क रेंचनें गाडीच्या पुस्तकांतील आंकड्यापर्यंत आवळावे. आणि ऐंशी-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हां एकदां पहावे. अलॉय रिमच्या बाबतींत हें शेवटचें काम टाळूं नये. रिम बसतां बसतां नट किंचित् सैल पडतात, आणि सैल नटाची पहिली खूणहि थरथरच असते.

येथें थोडें थांबून एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जी थरथर टायर बसविल्याच्या दिवसापासून आहे, ठराविक वेगावर येते व जाते, ती त्रासदायक असली तरी शोधावयास सवड देणारी असते. जी अकस्मात् येते, दर दिवशीं वाढते, किंवा जिच्याबरोबर टकटक असा आवाज येतो, तिला सवड नसते. अशा वेळीं गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन नट पहावे, आणि बगलेवर, आंतल्या बाजूसहि, हात फिरवून फुगा आहे कीं काय तें पहावें. फुगा म्हणजे टायरच्या आंतील दोरे तुटले. खड्ड्याच्या एका फटक्यांत नव्या टायरलाहि तो येऊं शकतो, ठेंगण्या बगलेच्या टायरला तर लवकर. त्याला बॅलन्सिंग नाहीं, ठिगळ नाहीं. तो टायर बदलणें हाच मार्ग. सुट्या चाकावर हळूहळू घरीं यावें. समृद्धीसारख्या रस्त्यावर तासन् तास एका वेगानें धांवतांना कमी हवेचा किंवा दुखावलेला टायर तापत जातो व फुटतो. त्या वेळीं चालकाच्या हातीं फारसें कांहीं राहत नाहीं. मुलीला आणावयास निघालेल्या बापानें आठ दिवस दुकानें पालथीं घालावीं यांत म्हणूनच हास्यास्पद कांहीं नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कडें घालून गाडी हमरस्त्यावर नेली. स्टिअरिंग स्थिर होतें. पण आतां, इतके दिवस त्या मोठ्या थरथरीखालीं दडलेली एक बारीक थरथर आसनांत जाणवूं लागली. नव्वदाच्या आसपास, पोटांत गुदगुल्या केल्यासारखी. एकाच गाडींत दोन दोष असूं नयेत असा कोठें नियम नाहीं. मागचीं चाकें तपासलीं. तोल बरोबर, कडीं बरोबर, हब स्वच्छ. मागच्या उजव्या टायरजवळ एक स्क्रू-ड्रायव्हर स्टँडवर टेकवून चाक हातानें फिरविलें, तेव्हां फट एका जागीं लहान व समोरच्या जागीं मोठी होतांना दिसली. सुमारें एक मिलिमीटराचा फेर होता. टायर सर्वत्र सारखा गोल व सारखा ताठ बनत नाहीं. कोठें थरांचा जोड पडतो, कोठें रबर दाट असतें. तशीच रिमहि पूर्ण गोल नसते. दोहोंचे उंचवटे एका जागीं आले तर फेर वाढतो. टायरचा उंचवटा रिमच्या खोलगट भागावर आणला तर दोन दोष एकमेकांस मारतात. कित्येक कारखाने यासाठींच नव्या टायरवर रंगाचे ठिपके देतात. पिवळा ठिपका सामान्यतः हलकी बाजू दाखवितो, तो हवेच्या व्हॉल्व्हजवळ ठेवतात. तांबडा ठिपका ताठ व उंच बाजू दाखवितो, तो रिमच्या खोलगट जागेवर आणतात. घाईच्या दुकानांत ह्या ठिपक्यांकडे कोणी पाहत नाहीं, आणि दोन पावसांत ते पुसूनहि जातात.

फिरत्या टायरवर मोठा रोळ दाबून त्याचा ताठपणा जागोजागीं मोजणारीं यंत्रेंहि आतां मोठ्या शहरांत आढळतात. केवळ वजनाचा तोल पाहणारें यंत्र ज्याला निर्दोष म्हणतें त्या टायरचा हा दोष तें पकडतें. तें जवळ नसेल तर जुनी रीत चालते: टायरमधील हवा सोडून, कड सुटी करून, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवावा व पुन्हां तोल करावा. मिस्तरीनें तेंच केलें. यानेंहि फेर गेला नसता, तर मात्र तो टायर विक्रेत्याकडे परत नेणें योग्य ठरलें असतें. आणि तेव्हां ग्राहकाच्या हातीं केवळ तक्रार नसून वेग, जागा, फेराचें माप व केलेले उपाय यांची टांचणवही असती. बगलेवरील चार आंकडेहि अशा वेळीं लिहून ठेवावे. ३२२५ असें असल्यास टायर २०२५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत तयार झाला.

टायर चढवितांना कडेस जें साबणाचें पाणी किंवा लोणी लावतात, तें वाळेपर्यंत जोरानें ब्रेक दाबल्यास टायर रिमवरून बोटभर घसरूं शकतो, आणि साधलेला तोल क्षणांत बिघडतो. म्हणून पहिला एक दिवस गाडी सौम्यपणें चालवावी. टायर घसरला कीं नाहीं हें ओळखण्यासाठीं मिस्तरीनें टायर व रिम या दोहोंवर मिळून खडूची एकेक आडवी रेघ ओढून दिली. वजनाचे चिकट तुकडे लावण्यापूर्वीं त्यानें रिमची आंतली बाजू पेट्रोलच्या बोळ्यानें पुसली. धुळीवर चिकटविलेला तुकडा पहिल्या पावसांत गळतो व मागें एक चौकोनी डाग तेवढा ठेवून जातो. पावसाळ्यांत कच्च्या वाटेवरून गेल्यावर रिमच्या आंत चिखल सांचून वाळतो, हेंहि त्यानें सांगितलें. त्या वेळीं दुकान गांठण्यापूर्वीं नळी घेऊन चाकें आंतून धुवावीं. सगळ्या कामाची मजुरी अलाइनमेंटला दिलेल्या पैशांहून कमी झाली.

शनिवारीं गृहस्थ मनोरपर्यंत जाऊन परत आला, दारांत गाडी उभी करून नट पुन्हां पाहिले, आणि रविवारीं पहाटे घोडबंदर रस्त्यानें ठाण्याकडे व तेथून आमण्याकडे निघाला. परतीच्या प्रवासांत मुलगी मागच्या आसनावर डाव्या कुशीवर टेकून बसली होती. मोकळ्या रस्त्यावरहि त्यानें वेग शंभराच्या आंतच ठेवला. शिर्डी मागें पडल्यावर तिला झोंप लागली ती इगतपुरीच्या बोगद्यापर्यंत. संध्याकाळीं तारोडीस पोंचल्यावर सामान उतरण्यापूर्वीं गृहस्थानें वांकून चारहि चाकें पाहिलीं. खडूच्या रेघा जागच्या जागीं होत्या.